‘उद्यापासून नक्की!’ काळाची जाणीव आणि कामाची उमेद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक वेळा स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी, त्यांचे पालक, बचतीची घडी बसवू पाहणारे आणि घरातल्या ज्येष्ठांची काळजी घेणारे विचारतात. सगळे क्रमाने वाचायलाच हवेत असे नाही. नुसत्या चालढकलीने त्रासला असाल, तर थेट चौथ्या प्रश्नाकडे जा.

१. काळदृष्टी म्हणजे नेमकं काय?

निर्णय घेताना मन कोणत्या काळात जाऊन बसते, त्याला मानसशास्त्रात काळदृष्टी म्हणतात. बोनस मिळाल्याची बातमी एकच असते, पण एकाला थकलेले देणे आठवते, दुसऱ्याला शनिवारचा बेत सुचतो आणि तिसरी मुलीच्या कॉलेजच्या फीचा हिशेब मांडते. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी १९४० च्या दशकात यावर लिहिताना एक मुद्दा ठासून मांडला. माणसाच्या आजच्या वागण्यावर परिणाम होतो तो त्याच्या मनात या घडीला असलेल्या भूतकाळाचा आणि भविष्याचा. प्रत्यक्षात काय घडले आणि पुढे काय घडणार, हे त्यामानाने दूर राहते. म्हणून तर एकाच गुणपत्रिकेने एक जण खचतो आणि दुसरा पेटून उठतो.

२. याचे प्रकार किती?

फिलिप झिम्बार्डो आणि जॉन बॉइड यांनी १९९९ मध्ये ५६ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. प्रत्येक विधान आपल्याला किती लागू पडते, हे १ ते ५ या अंकांत सांगायचे असते. त्यातून पाच कल निघतात: भूतकाळातली कडू बाजू उगाळणे, भूतकाळातल्या गोड आठवणींत आधार शोधणे, आत्ताची मजा घेणे, ‘नशिबात असेल ते होईल’ म्हणून हात टेकणे आणि पुढचा विचार करून आज वागणे.

पाचही कल प्रत्येकात असतात, फक्त प्रमाण वेगळे. लोक चाचणीत ‘भविष्य’ या रकान्यात जास्त गुण मिळाले की शाबासकी मिळाल्यासारखे खूश होतात. ते फारसे बरोबर नाही. हा कल असलेली माणसे कामे वेळेत उरकतात हे खरे, पण तो एकटाच वाढला की जेवणाच्या ताटावरही उद्याची यादी सुरू राहते. भूतकाळाचा गोड आधार, वर्तमानाचा आस्वाद आणि भविष्याचे भान ही तिन्ही बऱ्यापैकी आणि उगाळणे व हात टेकणे कमी, असा मेळ संशोधकांना संतुलित वाटतो.

३. इंटरनेटवर चाचणी सोडवली. निकाल खरा मानायचा का?

आरसा म्हणून पाहा, निदान म्हणून नको. परीक्षेच्या आठवड्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत सोडवलेल्या चाचण्यांचे आकडे वेगळे येऊ शकतात. नोकरीसाठी किंवा लग्नासाठी कोणी असा निकाल मागत असेल, तर सरळ नकार द्या.

४. परीक्षा महत्त्वाची आहे हे पटतं, तरी ती दूर असली की अभ्यास का होत नाही?

दूरच्या बक्षिसाची किंमत मन आपोआप कमी धरते आणि ही घट सरळ रेषेत होत नाही. आज की उद्या, यातला एक दिवस फार मोठा वाटतो; ३०० दिवस की ३०१, यातला एक दिवस जाणवतही नाही. पीअर्स स्टील आणि कॉर्नेलियस कोनिग यांनी २००६ मध्ये याचे सूत्र मांडले. सोप्या भाषेत: उमेद वाढते ती यशाची खात्री आणि फळाचे मोल यांनी, घटते ती फळ मिळायला लागणारा वेळ आणि स्वभावातला उतावळेपणा यांनी. मोबाइलवरच्या व्हिडिओचे मोल कमी असेल, पण फळ तीन सेकंदांत मिळते. म्हणून अभ्यास मागे पडतो.

‘अजून मन लाव’ हा सल्ला या सूत्रात कुठेच बसत नाही. हातात असलेली गोष्ट म्हणजे अंतर कमी करणे.

नागरी सेवा परीक्षेचे उदाहरण घ्या. पूर्व परीक्षेपासून अंतिम निकालापर्यंतच जवळपास वर्ष जाते आणि त्याआधीची तयारी वेगळी. ‘कलेक्टर व्हायचंय’ हे ध्येय आणि आज वाचायची ३० पाने यांच्यात मनाला काही धागाच दिसत नाही. बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठात जोसेफ न्यूटिन आणि त्यांच्यानंतर विली लेन्स यांनी याच धाग्यावर अनेक वर्षे काम केले. भविष्य लांबवर दिसणे पुरत नाही. आजचे काम त्या भविष्याला कसे जोडलेले आहे, हेही दिसावे लागते. जोडही दोन प्रकारची असते. ‘हे शिकलो तर पुढे हेच कौशल्य वापरणार आहे’ असे वाटले, तर माणूस खोलात शिरतो. ‘पास झालो की याचा संबंध संपला’ असे वाटले, तर घोकंपट्टीवर भागवतो.

करायचे असे. परीक्षेच्या तारखेपासून मागे मोजत या. समजा ३०० दिवस आहेत. शेवटचे ६० उजळणीला, ३० सराव चाचण्या आणि त्यांतल्या चुका तपासायला. राहिले २१०. आठवड्याला एक दिवस मोकळा धरला, तर ३० गेले. हातात १८०. विषय नऊ असतील, तर प्रत्येकी सरासरी २० दिवस. ‘अजून दहा महिने आहेत’ म्हणणाऱ्याला हा २० चा आकडा बसतो तसा धक्का कुठल्याही भाषणाने बसत नाही. नंतर त्या २० दिवसांचे आठवड्याचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी मोजता येईल असे काही ठेवा: दहा उत्तरे लिहून झाली, जुन्या पाच प्रश्नपत्रिका सोडवून झाल्या. ‘इतिहास वाचला’ हे मोजता येत नाही.

अंतर वर्षांऐवजी दिवसांत सांगण्याचाही उपयोग होतो. नील लुईस आणि डाफ्ना ऑयझरमन यांच्या २०१५ च्या प्रयोगांत निवृत्ती ‘३० वर्षांनी’ आहे असे सांगण्याऐवजी ‘१०,९५० दिवसांनी’ आहे असे सांगितले, तेव्हा लोकांनी बचत कितीतरी लवकर सुरू करायचे ठरवले. काळ तोच होता, पण दिवसांत मोजला की तो जवळचा वाटतो.

५. ठरवतो ते पार पाडण्याची काही पद्धत आहे का?

आहे. तिच्यामागचा पुरावाही भक्कम आहे. पीटर गोलविट्झर यांनी तिचा पाया घातला. ढोबळ नाव द्यायचे तर ‘जर-तर योजना’. २००६ मध्ये गोलविट्झर आणि पास्कल शीरन यांनी ९४ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा नुसता निश्चय करणाऱ्यांपेक्षा अशी योजना करणारे ध्येय गाठण्यात ठळकपणे पुढे दिसले.

वाक्य असे असते: ‘रात्री जेवणाचं ताट घासून ठेवलं, की मी खिडकीजवळच्या टेबलावर बसून अर्थशास्त्राचा एक जुना प्रश्न उघडेन.’ त्यात तीन भाग आहेत. पहिला, चुकवता न येणारी खूण (ताट घासून ठेवणे). दुसरा, जागा. तिसरा, दोन मिनिटांत सुरू होणारी कृती. हाताने कागदावर लिहा आणि एकदा डोळे मिटून तो प्रसंग मनात आणा.

बिघडते कुठे? सर्वांत जास्त खुणेत. ‘संध्याकाळी’ ही खूण नव्हे. संध्याकाळ तीन-चार तास चालते आणि तिचा कुठलाही क्षण टाळता येतो. दुसरी चूक म्हणजे नकारार्थी वाक्य. ‘मोबाइल बघणार नाही’ म्हटले की डोक्यात मोबाइलच येतो. त्याऐवजी ‘फोन हातात आला, तर तो कपाटावर ठेवून येईन’ असे लिहा. तिसरी चूक उत्साहाची: एका दमात सात-आठ योजना. त्या एकमेकींच्या आड येतात आणि किती काय करायचेय याच्या जाणिवेने हुरूप जातो. एक किंवा दोन पुरेत. आणि ध्येयच मनापासून हवे नसेल, तर ही पद्धत काही करू शकत नाही.

६. यशाचं स्वप्न रोज डोळ्यांसमोर आणा, असं सांगतात. उपयोग होतो?

एकटे स्वप्न बऱ्याचदा उलटे काम करते. गाब्रिएले ओटिंगेन आणि थॉमस वॉडन यांनी १९९१ मध्ये वजन कमी करण्याच्या कार्यक्रमातल्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ‘मला जमेल’ अशी अपेक्षा असलेल्यांचे वजन जास्त उतरले. पण बारीक झाल्याची गुलाबी चित्रे मनात रंगवणाऱ्यांचे कमी उतरले. मनाने फळ आधीच चाखलेले असते, मग अंग हलत नाही.

यावरचा ओटिंगेन यांचाच उपाय चार पायऱ्यांचा आहे. पाच ते दहा मिनिटे पुरतात. येत्या महिन्यात जमण्यासारखी एक इच्छा लिहा. ती पूर्ण झाली तर सर्वांत चांगले काय होईल, ते मिनिटभर मनात आणा. मग आपल्या आतला मुख्य अडथळा शोधा: ‘क्लास लांब आहे’ हा नव्हे, तर ‘एक चाचणी खराब गेली की मी पुढच्या टाळतो’ हा. शेवटी त्या अडथळ्यालाच खूण धरून जर-तर वाक्य करा. क्रम बदलू नका. आधी अडथळा आणि मग स्वप्न असे केले, तर परिणाम मिळत नाही. यात कधी कधी ‘हे मला आत्ता शक्य नाही’ असेही लख्ख दिसते. तो या पद्धतीचा दोष नाही. नको त्या ध्येयावर चाललेला खर्च तिथे थांबतो.

७. वेळापत्रक तिसऱ्या दिवशी कोलमडतं. का?

कारण ते करताना आपण फक्त पुढे पाहतो, मागे वळून पाहत नाही. रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना अंदाज विचारला. सरासरी उत्तर आले ३३.९ दिवस, प्रत्यक्षात लागले ५५.५. ‘सगळं बिनसलं तर किती लागतील?’ या प्रश्नाचे उत्तरही प्रत्यक्षापेक्षा कमीच निघाले, म्हणजे निराशावादी अंदाजसुद्धा आशावादीच होता.

भूतकाळ इथे सरळ हिशेबाला येतो. अशाच प्रकारची मागची तीन ते पाच कामे काढा. प्रत्येकाला किती दिवस धरले होते आणि किती लागले, ते लिहा. दहा धरले आणि सोळा लागले, तर गुणक १.६. सरासरी गुणक काढून नव्या अंदाजाला गुणा. आकडा ओशाळवाणा येतो, पण त्यावर बेतलेले वेळापत्रक टिकते. गुणक वापरताना ‘मागच्या वेळी पाहुणे आले होते, लाईट गेली होती’ असे म्हणून जुने काम यादीतून वगळू नका. पाहुणे या वेळीही येणार आहेत.

८. गेलेली वर्षं डोक्यातून जात नाहीत. पुढे कसं जायचं?

इथे दोन वेगळ्या गाठी आहेत.

पहिली पश्चात्तापाची: ‘तेव्हा अभ्यास केला असता तर…’ मायकेल वोल, टिमथी पिचिल आणि शॅनन बेनेट यांनी २०१० मध्ये पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांत पाहिले, की पहिल्या परीक्षेआधी केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केले, त्यांनी पुढच्या परीक्षेआधी चालढकल कमी केली. स्वतःला झोडपत राहिले की अभ्यासाचे पुस्तक दिसले तरी अपराधी वाटते आणि माणूस पुस्तकच टाळतो. माफ करणे म्हणजे सूट देणे नव्हे. कागदावर तीन ओळी लिहा: काय झाले, त्यात माझ्या हातात काय होते, पुढच्या वेळी त्यातले एक काय बदलणार. मग कागद मिटून टाका.

दुसरी गाठ बुडीत खर्चाची: ‘चार वर्षं दिली, आता सोडलं तर ती वाया जातील.’ ती चार वर्षे दोन्ही पर्यायांत गेलेलीच आहेत. स्वतःला विचारायचा प्रश्न असा: आजपर्यंत एकही प्रयत्न केला नसता आणि आजच माहिती, वय आणि पैसे पाहून ठरवायचे असते, तर मी या परीक्षेत उतरलो असतो का? नागरी सेवा परीक्षेत खुल्या प्रवर्गाला ३२ वर्षांपर्यंत सहा प्रयत्न मिळतात, पण सगळे वापरलेच पाहिजेत असा नियम नाही. थांबायची रेघ निकालाच्या आधी, शांत डोक्याने आखा आणि घरच्या एकाला सांगून ठेवा. निकालाच्या रात्री आखलेली रेघ हमखास पुढे सरकते.

दोन आठवडे जवळजवळ रोज मन उदास असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, कशातच रस वाटत नसेल किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर हा उमेदीचा प्रश्न राहिलेला नाही. डॉक्टरांना भेटा. ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत.

९. ‘वर्तमानात जगा’ असंही म्हणतात. मग पुढचा विचार करायचा की नाही?

वर्तमानात रमणे आणि वर्तमानात हात टेकणे यांची लोक गल्लत करतात. दुसऱ्याने उमेद मरते. पहिले मात्र दूरच्या कामाला इंधन पुरवते. केटलिन वूली आणि आयलेट फिशबाख यांनी २०१७ मध्ये दाखवले, की नववर्षाचे संकल्प कोण टिकवेल याचा अंदाज दूरच्या फायद्यावरून नव्हे, तर ते काम करताना मजा येते का यावरून बांधता येतो. सांगली-कोल्हापूरकडचा कुस्तीगीर पहाटे तालमीत जातो, त्यात पदकापेक्षा सोबतीच्या पोरांचा वाटा मोठा असतो.

नावडत्या कामाला आवडती गोष्ट बांधणे हाही एक मार्ग. कॅथरीन मिल्कमन आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या प्रयोगात खिळवून ठेवणाऱ्या ध्वनिकादंबऱ्या फक्त जिममध्येच ऐकायला मिळतील अशी सोय केली, तेव्हा सुरुवातीला त्या गटाच्या जिमच्या फेऱ्या ५१ टक्क्यांनी जास्त भरल्या. सणाच्या सुट्टीनंतर मात्र परिणाम ओसरला. म्हणून गणपती किंवा दिवाळीनंतर ही जोडी नव्याने लावावी लागते, हे धरूनच चाला.

१०. हातावर पोट असलेल्यांना दूरदृष्टी नसते, हे खरं का?

नाही. असे म्हणणारे बहुधा महिन्याच्या एक तारखेला पगार जमा होणारे असतात.

तमिळनाडूतल्या ४६४ ऊसउत्पादक शेतकऱ्यांची आनंदी मणी, सेंधिल मुल्लाइनाथन आणि सहकाऱ्यांनी तोडीआधी आणि तोडीनंतर चाचणी घेतली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तोच शेतकरी पैसे हातात आल्यावर बुद्धीच्या चाचणीत सरस ठरला. अमेरिकेत पगाराच्या आधी आणि नंतर तुलना करणाऱ्या २०१६ च्या अभ्यासात बौद्धिक चाचणीत असा फरक सापडला नाही. पैशाच्या निवडीत मात्र पगाराआधीची माणसे आत्ताच्या रकमेकडे जास्त झुकलेली दिसली. म्हणजे बुद्धीवरच्या परिणामाबद्दल वाद आहे. पण तंगी माणसाला आजकडे खेचते, यात नवल नाही: पुढच्या आठवड्याची खात्री नसताना आजचे घेणे हा शहाणपणाच असतो.

म्हणून उपदेशापेक्षा वेळ महत्त्वाची. एस्थर डुफ्लो, मायकेल क्रेमर आणि जोनाथन रॉबिन्सन यांनी पश्चिम केनियात खताची खरेदी सुगीनंतर लगेच, हातात पैसे असताना, घरपोच देण्याच्या सवलतीसह करू दिली. खताचा वापर वाढला, तो नंतर खत घालायच्या वेळी दिलेल्या निम्म्या किमतीच्या सवलतीइतका. आपल्याकडे सोयाबीन किंवा कापसाचे पैसे आले त्याच आठवड्यात पुढच्या हंगामाच्या बियाणे-खताची रक्कम वेगळ्या खात्यात टाकण्यामागे हेच गणित आहे. भिशी टिकते तीही याच कारणाने: हप्ता ठरलेल्या दिवशी जातो आणि चुकवला तर चार ओळखीच्यांत तोंड दाखवायला जागा उरत नाही. मात्र भिशी ओळखीतलीच हवी. अनोळखी माणसाच्या जादा व्याजाच्या भिशीत पैसे बुडतात.

पगारदारांसाठी रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्ट्झी यांची योजना अजोड आहे. बचत आज वाढवायला सांगायचे नाही, पुढच्या पगारवाढीपासून आपोआप वाढेल असे आज लिहून घ्यायचे. पहिल्या कंपनीत ४० महिन्यांत ही योजना घेणाऱ्यांची बचत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. म्युच्युअल फंडातली ‘टॉप-अप एसआयपी’ (ठरावीक काळाने हप्ता आपोआप वाढणारी गुंतवणूक) याच धर्तीची आहे. वाढीचा महिना पगारवाढीच्या महिन्याला जुळवा, नाहीतर पहिल्याच वाढीला ती बंद कराल.

११. संकल्प गुढीपाडव्याला करावा की आजच?

नव्या पर्वाची खूण मदत करते. हेंगचेन डाय, मिल्कमन आणि जेसन रीस यांना २०१४ मध्ये आठवड्याच्या, महिन्याच्या, वर्षाच्या सुरुवातीला आणि वाढदिवसानंतर जिमच्या फेऱ्या वाढलेल्या दिसल्या. पण पाडवा तीन महिने लांब असेल, तर येत्या सोमवारचा मुहूर्त पुरे. आणि गाडी नीट चालली असेल, तर उगाच नवी वही काढू नका. चांगली लय असलेल्याला नवी सुरुवात नडू शकते.

१२. मुलाला धीर धरायला कसं शिकवायचं?

समोरची एक मिठाई लगेच न खाता, थांबल्यावर मिळणाऱ्या जास्तीच्या मिठाईसाठी धीर धरलेली मुले पुढे यशस्वी होतात, असा एका जुन्या अभ्यासाचा निष्कर्ष तुम्ही ऐकला असेल. टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ९०० हून अधिक मुलांवर ते पुन्हा तपासले. संबंध मूळ अभ्यासाच्या निम्माच निघाला आणि घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर आणखी बराच घटला. त्याहून उपयोगी प्रयोग सेलेस्ट किड यांचा, २०१३ चा. मिठाईआधी एका मोठ्या माणसाने मुलांना चांगले रंग आणून देतो म्हटले. ज्यांना ते खरेच मिळाले, ती मुले सरासरी १२ मिनिटे थांबली. ज्यांना फसवले गेले, ती ३ मिनिटे. तेव्हा ‘रविवारी बागेत नेतो’ म्हटले की न्या. जमणार नसेल तर आधी सांगा आणि लगेच दुसरा दिवस ठरवा.

१३. आजोबा व्यायाम करायला तयारच नाहीत. ‘पुढे त्रास होईल’ सांगूनही ऐकत नाहीत.

‘पुढे’ हा शब्दच त्यांच्यासाठी कमकुवत आहे. लॉरा कार्स्टेन्सन यांच्या मते उरलेला काळ थोडा वाटू लागला, की माणूस पुढच्या तयारीपेक्षा आत्ता जिव्हाळ्याच्या वाटणाऱ्या गोष्टी निवडतो. यात मुख्य भाग वयाचा नाही. १९९७ मध्ये हाँगकाँग चीनकडे जाण्याच्या आधी तिथल्या तरुणांनाही म्हाताऱ्यांसारखी जवळच्याच माणसांची ओढ लागलेली दिसली आणि हस्तांतरणानंतर ती ओसरली.

म्हणून कारण बदला. ‘आजोबा, एकादशीला देवळाच्या पायऱ्या तुम्हाला चढायच्यात ना, मग रोज खुर्चीतून दहा वेळा उठबस करू या’ हे चालते. नातवंड सोबत बसले तर आणखी चालते. किती वेळा आणि कोणता आधार धरून, हे फिजिओथेरपिस्टला विचारून ठरवा.

१४. सवय किती दिवसांत लागते?

‘२१ दिवस’ हा आकडा विसरा. फिलिपा लॅली यांच्या २०१० च्या अभ्यासात मध्यक ६६ दिवसांचा आला (म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त दिवस लागले) आणि फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. सकाळी एक पेला पाणी पिणे लवकर जमते, व्यायामाला वेळ लागतो. मधला एक दिवस चुकला तर विशेष बिघडत नाही, असेही तिथे दिसले. दोन आठवड्यांत कृती पाच-सहा वेळाही झाली नाही, तर मात्र खूण चुकली आहे: वेळ तीच ठेवून दुसरी खूण निवडा, किंवा कृती निम्मी करा.